तांबडी पाऊल टाकेना

मिक्सर दुरुस्त केल्यापासून आरोही शेंडगेला घरात कुणी आवरू शकत नव्हतं. खरं सांगायचं तर मिक्सरच्या बुडाशी एक छोटं बटण असतं, ते बाहेर आलं होतं, एवढंच. पण ते बटण सापडायच्या आधी तिनं चार स्क्रू काढले, ताटलीत ओळीनं मांडले आणि आता मध्ये कुणी बोलायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. शेंगांची चटणी अर्धी वाटून पडली होती, म्हणून सगळे गप्पही बसले. मिक्सर गुरगुरला, आणि त्या दिवसापासून जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीत कुणाचा पंखा हळू फिरला, कुणाच्या दाराची बेल अडकून बसली, की पहिली हाक आरोहीला. शाळेतही ती तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर येऊन बसली. दहावीचं वर्ष होतं, आणि उत्तर येत नसलं तरी हात वर करायला ती आता घाबरत नव्हती.

अशात प्रियंका आत्यानं मोटारसायकल आणली.

आत्या म्हणजे आरोहीच्या बाबांची धाकटी बहीण. कृषी सहायक. आठवड्यातले चार दिवस दक्षिण सोलापूरच्या गावांतून बांधाबांधानं फिरायची. कॉलेजात असताना तिनं कुठल्याशा मासिकात एका इटालियन मोटारसायकलचं चित्र पाहिलं होतं. ते पान तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं, आणि कपाट तीन घरं बदलून आलं तरी पान काही निघालं नाही. शेवटी पुण्याच्या एका माणसाकडे तीच गाडी वापरलेली मिळाली. आत्यानं स्कूटी विकली, पुण्याला गेली आणि रविवारी अडीचशे किलोमीटर एकटी चालवत परत आली. माणूस सज्जन होता. आठ दिवस वापरून बघा, नाही पटली तर पुढच्या रविवारी माझा टेम्पो येऊन घेऊन जाईल, असं आपणहून म्हणाला होता.

गाडी तांबडीलाल. टाकीवर हिरवा-पांढरा-तांबडा पट्टा, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री भुंकायचं विसरून बाजूला झाली. आरोहीची आजी केराबाई दाराशीच उभी होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, हॅन्डलवर हात ठेवला, टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “अंगानं चांगली हाय.”

केराबाईचं सगळं आयुष्य सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं गेलं होतं. पोरं शहरात आली तशी तीही आली, पण घरात येणारं काहीही तिच्या लेखी जनावरच होतं. तिच्या माहेरची रीत अशी की नवं जनावर दारात आलं की त्याचे पाय धुवायचे आणि बिरोबाचा भंडारा तेलात कालवून खुरांना लावायचा, म्हणजे जनावर घराला लागतं, जुन्या मालकाकडं पळत नाही. तिनं तांबडीची दोन्ही चाकं धुतली, भंडारा लावला. मग खाली वाकून गाडी ज्याच्यावर रेलली होती त्या स्टँडलाही लावला, कारण उभं राहायचं पाऊल तेच. वर चिमूटभर भंडारा उधळला. आरोहीनं फोटो काढले. बाबा म्हणाले, आता ही आपली झाली.

सोमवारी सकाळी ती आपली होईना.

बटण दाबलं की सुरू व्हायची. इंजिन मजेत गुरगुरायचं, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागायचा. आत्या क्लच दाबून पहिला गिअर टाकायची आणि खट्. सगळं बंद. पुन्हा सुरू केली की पुन्हा गुरगुर, आणि गिअर टाकला की पुन्हा खट्. दहा वेळा असं झाल्यावर आत्यानं हेल्मेट काढलं आणि ती एस.टी.नं कामाला गेली. जाताना काही बोलली नाही. आत्या बोलत नाही तेव्हा तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलेलं असतं, हे आरोहीला पक्कं ठाऊक होतं. त्याच क्षणी तिनं ठरवलं की ही गाडी परत जाणार नाही, आणि तसं तिनं गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगूनही टाकलं.

विज्ञानाच्या वहीची मागची पानं त्या कामाला लागली. सरांनी प्रयोगाच्या तासाला शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे दिसलं ते लिहायचं. गाडीसोबत एक जाडजूड पुस्तक आलं होतं. त्यात बिघाडांचा एक तक्ता होता. आरोहीनं तो वहीत उतरवला आणि वरून खाली एकेक तपासत गेली. पेट्रोल आहे, टिक. बॅटरी, बाबांच्या मीटरवर साडेबारा, टिक. फ्यूज सगळे शाबूत, टिक. क्लचची वायर ठीक, टिक. स्टँड वर केला की वर राहतो का? तिनं खाली वाकून बघितलं. राहतो. टिक. शेवटच्या ओळीला पोचली तेव्हा तक्ता संपला होता आणि गाडी तशीच होती.

मंगळवारी आत्या तांबडीवर बसली, बाबांनी आपल्या गाडीवरून मागून पाय लावला आणि ढकलत ढकलत तिला होटगी रोडला बसूअण्णांच्या गॅरेजवर नेलं. आरोही शाळा सुटल्यावर सायकल हाणत तिथं पोचली. बसूअण्णा अक्कलकोटकडचे. घरी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि इंजिनाशी कुठल्या भाषेत बोलायचे ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांचा एक नियम होता: धुतल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. चिखलातली गाडी उघडणं म्हणजे न आंघोळता देवळात जाणं, असं ते म्हणायचे. त्यांनी पिवळ्या झालेल्या चाकांकडे बघितलं आणि आरोहीला, कानडीत धाकट्या बहिणीला हाक मारतात तशी हाक मारून, विचारलं, “काय गं तंगी, लगीन लावलंय का हिचं?” मग जोरदार फवाऱ्यानं वरपासून खालपर्यंत धुतली, पुसली, सुरू केली, गिअर टाकला. तांबडी निघाली. अण्णा असरा चौकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले की गाडीला काही झालेलं नाही.

संध्याकाळी आत्या तिच्यावरून घरी आली आणि हसत जेवली. बुधवारी सकाळी, खट्.

गुरुवारी पुन्हा ढकलत अण्णांकडे. पुन्हा फवारा, पुन्हा चालू. या वेळी अण्णांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. शुक्रवारी सकाळी तिथूनच आत्या तिला घेऊन निघाली. मंद्रूपपर्यंत गेली, तिथून आतल्या गावांत, दिवसभर धुळीतून हिंडली, आणि गाडीनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. रात्री आत्या कपाट उघडून त्या पानाकडे बघत होती, हे आरोहीनं बघितलं.

शनिवारी सकाळी, खट्.

आत्यानं अण्णांना फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. अण्णांनी तिकडं चालू असलेलं एक इंजिन बंद केलं. मग म्हणाले, “प्रियंकाताई, राग मानू नका. माझ्याकडं गाडी चालती, रस्त्यानं चालती, तुमच्याकडंच चालत न्हाई. म्हंजे दोष गाडीत न्हाई, तुमच्या घरात हाय.”

आत्यानं फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, पुण्याला. उद्या दहापर्यंत टेम्पो पाठवा म्हणाली. आवाज एकदम सरकारी होता, बांधावर पंचनामा लिहून घेताना असतो तसा. मग एका गावात शिबिर होतं त्याला निघून गेली. आरोहीला तिनं फक्त एवढंच सांगितलं की दहावीचं वर्ष आहे, उगीच यात वेळ घालवू नकोस. हे आरोहीला मिक्सरच्या आधीच्या दिवसांसारखं वाटलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

शनिवारची शाळा सकाळची. ती अकराला घरी आली तेव्हा घरात आजी एकटीच. बाबा टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर होते. आई मामाच्या घरभरणीसाठी जेऊरला गेली होती. आरोहीनं दप्तर फेकलं, भाकरी हातात घेऊनच अंगणात आली आणि तांबडीच्या शेजारी फरशीवर पालथी पडून वही उघडली. सहा दिवसांच्या नोंदी. त्यातून एक गोष्ट उघड दिसत होती: संध्याकाळी चालते, सकाळी चालत नाही, आणि तेही फक्त आपल्या घरी. तिनं कारणं लिहायला घेतली. थंडी? अण्णांच्या गॅरेजलाही थंडीच होती. दव? गॅरेजला पत्रा होता, पण इथंही वर पत्रा होता. उंदीर? एक वायर कुरतडलेली नव्हती. पुढं तिला काही सुचेना, म्हणून तिनं प्रश्नचिन्ह काढलं आणि ते गिरवत बसली.

केराबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. नात सहा दिवस त्या गाडीभोवती घुटमळतेय हे ती बघत होती, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असा तिचा स्वभाव. आता मात्र तिनं सूप बाजूला ठेवलं.

“आरू, हिला नेमकं हुतंय तरी काय? मला समजंल असं सांग की.”

आरोहीनं सांगितलं. आजीला समजेल असं सांगायचं म्हणजे गिअर, क्लच वगैरे शब्द टाळायचे. ती म्हणाली, खाणंपिणं बरोबर आहे. हाक मारली की उठते. जागेवर उभी असते तोवर एकदम खूश. पण पाऊल टाक म्हटलं की बसते.

“मग खूर बघितला का?”

आरोही हसली. गाडीला खूर कुठून येणार, असं म्हणाली.

“खात्यं, पित्यं, उटतंय, आन पाऊल टाकंना, अशा जनावराचं पोट न्हाय बघायचं. आदी खूर बघायचा. खुरात खडा असतोय न्हायतर माती घट्ट बसलेली असती,” केराबाई म्हणाली. “आन खूर न्हाईत म्हनतीस, तर मी रोज पहाटं पुजते काय?”

भाकरीचा तुकडा आरोहीच्या तोंडातच राहिला.

रोज? तिनं विचारलं. आजी म्हणाली, रोज म्हणजे रोजच, नव्या जनावराचे पाय आठ दिवस पुजायचे असतात, एक दिवस करून कुठं जनावर घराला लागतं. पहाटे पाच वाजता उठून, सगळे झोपलेले असताना, कुणाला त्रास नको म्हणून. फक्त कालची पहाट चुकली, कारण गाडी त्या मेकॅनिककडं होती. त्याची भरपाई म्हणून आज तिनं दुप्पट लावला होता.

आता कुणी म्हणेल की भंडारा पिवळाधमक असतो, अण्णांनी दोनदा धुतलेल्या चाकांवर तो पुन्हा आलेला एवढ्या हुशार मुलीला दिसला कसा नाही? तर शेंडग्यांच्या घरात भंडारा सगळीकडे असतो. चौकटीला असतो, पिठाच्या डब्याला असतो, आत्याच्या लॅपटॉपच्या झाकणालासुद्धा त्याचं बोट आहे. जे सगळीकडे असतं ते दिसत नाही.

आरोही सरपटत स्टँडपाशी गेली. सोमवारी तिनं नुसतं वाकून बघितलं होतं, हात लावला नव्हता. आता फोनचा उजेड टाकून तिनं बोट घातलं. स्टँड जिथं गाडीला जोडलेला असतो तिथं, सांध्याच्या मागं, एक लहानसं बटण होतं. स्टँड वर गेला की ते बाहेर यायचं आणि गाडीला कळायचं की आता पाय उचललाय, निघायला हरकत नाही. त्या बटणावर तेल, भंडारा आणि रस्त्याची धूळ यांचा लाडवासारखा घट्ट गोळा बसला होता. बटण आतच अडकलेलं. स्टँड वर जात होता, पण गाडीच्या मते तो खालीच होता. आणि पाय खाली टेकवून कुणी निघायला लागलं तर पडेल, म्हणून ती बिचारी आपणहून थांबत होती. अण्णांचा फवारा आला की गोळा निघून जायचा. आजीची पहाट आली की पुन्हा बसायचा.

एरवी आरोहीनं अशा वेळी गल्ली डोक्यावर घेतली असती. आज ती तशीच पालथी राहिली. मागं वळून बघितलं तर आजी तिच्याकडेच बघत होती, शेंगांची टरफलं मांडीवर, आणि चेहऱ्यावर आपण काहीतरी उपयोगाचं बोललो याचा आनंद.

तिला वाटलं, गुपचूप साफ करावं आणि काही सांगू नये. मग वाटलं, उद्या पहाटे पाचला पुन्हा लागेल. आजीला न सांगता हा बिघाड बरा होणार नव्हता. पण सांगायच्या आधी खात्री हवी. तिनं जुना टूथब्रश आणला, थोडं रॉकेल आणलं, आणि गोळा खरवडून काढला. बटण टुणकन बाहेर आलं. आता गिअर टाकून बघायचा तर स्टँड वर करायला हवा, आणि स्टँड वर केल्यावर पावणेदोनशे किलोची गाडी धरणार कोण?

“सरक तिकडं,” केराबाई म्हणाली. तिनं पदर खोचला, पुढं येऊन दोन्ही हातांनी हॅन्डल धरलं आणि गुडघा टाकीला लावला. बिथरलेल्या एडक्याची शिंगं धरावीत अगदी तशी पकड होती. गाडी हलली नाही. आरोहीनं किल्ली फिरवली, बटण दाबलं. गुरगुर. हिरवा दिवा. क्लच पूर्ण दाबून तिनं पायानं गिअर टाकला आणि डोळे मिटून घेतले.

खट् आलं नाही. इंजिन चालूच होतं.

तिनं गाडी बंद केली, स्टँड खाली केला, आणि मग आजीला खाली बसवून सगळं दाखवलं. बटण कुठंय, ते काय करतं, त्याच्यावर काय बसलं होतं. टूथब्रशला लागलेला पिवळा गोळाही दाखवला. लपवलं काहीच नाही. केराबाईनं तो गोळा चिमटीत घेऊन चुरडला, वास घेतला.

“म्हंजे मीच लंगडी केली व्हय हिला?”

आरोही म्हणाली, तसं नाही, आजी.  केराबाईनं चिमटीतली पूड पदराला पुसली. मग तिनं विचारलं की हे अगदी नक्की का, दुसरं काही नसेल कशावरून. आणि आरोहीला सरांचं वाक्य आठवलं. बिघाड काढता आला म्हणजे अर्धं कळलं, तो पुन्हा आणता आला म्हणजे पूर्ण. हे तिनं सांगितल्याबरोबर आजी उठली, आत गेली आणि भंडाऱ्याची पिशवी आणि तेलाची वाटी घेऊन आली. बोटभर कालवून तिनं बरोबर त्या बटणावर चोपडलं. पुन्हा शिंगं धरली. आरोहीनं गिअर टाकला, खट्. ब्रशनं साफ केलं, गिअर टाकला, गुरगुर. तिसऱ्यांदा आजीनंच म्हटलं, आणखी एकदा बघू. त्या वेळी खट् झालं तेव्हा केराबाईला हसू फुटलं, आणि हसताना गाडी सुटू नये म्हणून दोघींना मिळून ती धरावी लागली.

संध्याकाळी आत्या आली तेव्हा दोघी पायरीवर बसल्या होत्या. आत्यानं आरोहीच्या हातांना लागलेलं काळंपिवळं तेल बघितलं आणि तिचं तोंड आणखीच उतरलं. आरोहीनं किल्ली पुढं केली. ती एवढंच म्हणाली की गिअर टाकून बघ. आत्यानं स्टँड वर केला, गिअर टाकला आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेली. वळून आली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला गल्लीच्या बाहेर पडली आणि वीस मिनिटं आलीच नाही. परत आली तेव्हा डोळ्यांत धूळ गेली म्हणाली. हेल्मेटची काच खाली होती.

काय झालं होतं, असं तिनं विचारलं. आरोहीनं आजीकडे बघितलं.

“खुरात माती बसली हुती. माझ्याच हातची,” केराबाई म्हणाली. “हिनं खरडून काढली.”

आत्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं आधी पुण्याला फोन करून टेम्पो नको म्हणून सांगितलं, मग बसूअण्णांना. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की मी सांगितलंच होतं. त्यांच्या त्या सांगण्याचा तेव्हा काही उपयोग झाला नव्हता, पण खरं ते खरं.

रविवारी आठवा दिवस. आरोहीनं मुद्दाम पाचचा गजर लावला होता. ती डोळे चोळत अंगणात आली तेव्हा केराबाईची पूजा चालली होती. चाकं धुऊन झाली होती. भंडारा या वेळी तिनं वर दिव्याला लावला, कारण पायाला चालत नाही तर कपाळाला लावू, असं तिनं रात्री ठरवलं होतं. मग ती खाली बसली, पदराच्या गाठीतून जुना टूथब्रश काढला आणि स्टँडचा सांधा, बटणाची मागची बाजू, वरची स्प्रिंग, सगळं हळूहळू घासू लागली. मेंढराचा खूर घेतात तसा तो स्टँड तिनं डाव्या हाताच्या मुठीत धरला होता. आरोही दोन मिनिटं नुसती बघत राहिली. बसूअण्णांच्या गॅरेजमध्येही इतक्या निगुतीनं कुणी घासत नव्हतं. आता हे रोज का, असं तिनं विचारलं. केराबाई म्हणाली, रोज नाही, आठवड्यातून एकदा, रविवारी. जनावर घराला लागलं की तेवढं पुरतं.

दहा वाजता, ज्या वेळी टेम्पो यायचा होता, त्या वेळी आत्या तांबडी दारात काढून उभी राहिली. आधी कुणाला फिरवू म्हणाली. आरोही आख्खा आठवडा या प्रश्नाची वाट बघत होती, आणि एक पाय तिनं उचललाही होता. पण आजी उंबऱ्यातच होती, काष्टा घट्ट मारून, पायात चप्पल घालून. ती काही मागत नव्हती, नुसती तयार होऊन उभी होती.

आरोहीनं उचललेला पाय खाली ठेवला. स्वतःचं हेल्मेट काढून तिनं आजीच्या डोक्यावर घातलं आणि पट्टा लावला. आत आजीच्या कपाळाचा भंडारा फासला गेला, तर आरोही लागू दे म्हणाली. केराबाईनं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन्हीकडं पाय टाकून, पाठीवर घोंगडं टाकलेल्या तट्टावर बसावं तशी बसली.

“हळू न्हेऊ नगंस,” ती लेकीला म्हणाली.

आत्यानं टाचेनं स्टँड मारला. तो वर गेला, बटण बाहेर आलं, हे आरोहीला उभ्या जागेवरून दिसलं. गिअर पडला. तांबडी गुरगुरत विजापूर रोडच्या दिशेनं निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली, तरी आवाज बराच वेळ येत राहिला. आरोही पायरीवर बसली, वही मांडीवर घेतली आणि गिरवून गिरवून काळं झालेलं प्रश्नचिन्ह खोडून तिथं लिहिलं: स्टँडचं बटण, दर रविवारी, आजी.